अठ्ठावीस हजार चारशे फक्त

आमच्या नीलतरंग आर्केडच्या पुढच्या भिंतीवर इंटरनेटच्या किती वायरी लोंबत होत्या, हे मी एकदा मोजायचा प्रयत्न केला होता. त्रेसष्टपर्यंत आलो आणि एक कावळा नेमका मध्ये येऊन बसला, तेव्हा पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली. अर्नाळ्याला वाळत घातलेले बोंबील दिसले की मला आमची इमारत आठवायची. फरक एवढाच, की बोंबील वाळले की कोणीतरी येऊन काढून नेतं.

इमारत वसईत, स्टेशनच्या पश्चिमेला, चालत बारा मिनिटांवर. तळमजल्यावर दुकानं, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर, वकील, ब्यूटी पार्लर, आणि मी. मी म्हणजे चंद्रहास सावे, आयकर व विमा सल्लागार, खोली क्रमांक २०७. इमारतीच्या कमिटीचा सचिवही मीच. तो मी कसा झालो हे फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही. सभेत सचिव निवडायची वेळ आली तेव्हा मी फोन घ्यायला बाहेर गेलो होतो.

तिसरा मजला अख्खा क्लेमेंटीन टीचरांचा. टीचरांनी मला पाचवी ते सातवी गणित शिकवलं. त्यांचं वय आता सत्त्याहत्तर आणि माझं अठ्ठावन्न, पण त्या समोर आल्या की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. त्यांचे यजमान जहाजावर मुख्य आचारी होते. आयुष्यभराची कमाई त्यांनी या मजल्यात घातली आणि लवकर गेले. टीचरांचं घर त्या मजल्याच्या भाड्यावर चालायचं. तिथला क्लासवाला सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं टीचर दर आठवड्याला येऊन रिकाम्या मजल्याच्या खिडक्या उघडायच्या, झाडून काढायच्या आणि पुन्हा बंद करून जायच्या.

अशात एक दिवस त्या पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. परदेशी जाणाऱ्या नर्सना जर्मन भाषा शिकवणारी एक संस्था मजला भाड्याने घ्यायला तयार होती. चोवीस संगणक लावायचे होते. अट एकच होती. इमारतीत नीट नेटवर्क केबलिंग हवं. नसेल तर ते किती खर्चात होईल याचा अंदाज पंधरा दिवसांत कळवावा, नाहीतर विरारची एक जागा त्यांनी बघून ठेवली होती.

"चंद्रहास, हे तुला जमेल ना?" टीचरांनी विचारलं.

मी म्हणालो, "जमेल, टीचर." शाळेतही मी फळ्यापाशी जाताना हेच म्हणायचो.

आधी मी अंधेरीच्या एका कंपनीला फोन केला. नुसतं येऊन बघायचे ते पाच हजार रुपये मागत होते. बघायचे पाच हजार. मी गेली तीस वर्षं लोकांच्या उत्पन्नाकडे फुकट बघतोय. माझ्या स्वाभिमानाला ते फार लागलं आणि मी ठरवलं की अंदाज आपणच काढायचा. शेवटी असतं काय त्यात? लांबी गुणिले दर.

मी शास्त्रशुद्ध विचार केला. इमारतीत पाणी कसं येतं? एक जाड पाइप वर जातो, मजल्यामजल्यावर त्याला फाटे फुटतात, फाट्याला नळ. इंटरनेटचंही तसंच असणार. तळमजल्यावरच्या लेडीज टेलरकडून मी टेप मागून आणली. ती दीड मीटरची होती आणि आमचा पॅसेज सत्तावीस मीटरचा, त्यामुळे एका पॅसेजसाठी अठरा वेळा वाकावं लागलं. चौथ्या पॅसेजपर्यंत माझी कंबर गेली होती आणि तीन जणांनी मला पडदे कोणत्या रंगाचे लावणार म्हणून विचारलं होतं. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सुमेध पेशंटचा जबडा तसाच उघडा ठेवून बाहेर आले आणि त्यांनी मला शांतपणे सल्ला दिला की हल्ली वायर कोणी लावत नाही, सगळं हवेतून करून टाका. डॉक्टर सुमेध सगळं शांतपणे सांगतात. दात काढायचा आहे हेसुद्धा ते असं सांगतात, की माणसाला वाटतं आपल्याच फायद्याचं काहीतरी चाललंय.

चार पॅसेज, एक जिना, इकडंतिकडं वीस मीटर आणि अनुभवी माणूस म्हणून वर दहा टक्के वाढीव. एकूण एकशे चोपन्न मीटर. दर मी स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारला. बत्तीस गाळ्यांना बत्तीस पॉइंट, तीन दिवसांची मजुरी, खिळे, पट्ट्या. बेरीज आली बरोबर अठ्ठावीस हजार. त्यावर मी चारशे रुपये आणखी घातले, कारण गोल आकड्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत.

मग दुपारी सव्वाचारला मी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं: 'संपूर्ण इमारतीच्या नेटवर्क केबलिंगचा अंदाजित खर्च रु. २८,४००/- फक्त.'

हा 'फक्त' माझ्या हाताला चेक लिहून लिहून लागलेला आहे. रक्कम संपली, पुढे कोणी काही लिहू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण बत्तीस गाळेवाल्यांनी तो वेगळ्याच अर्थाने वाचला. माणशी नऊशे रुपयेसुद्धा नाही, हे कळल्यावर ग्रुपवर आनंदाची लाट उसळली. आजवर माझ्या पाण्याच्या टाकीच्या सूचनांना ज्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, त्यांनी मला हात जोडलेली चित्रं पाठवली.

आणि मग पॉइंट वाढायला लागले. इतकं स्वस्त आहे तर एकाच पॉइंटवर कशाला थांबायचं, असा विचार पहिल्यांदा डॉक्टर सुमेधांच्या मनात आला. त्यांना एक खुर्चीजवळ हवा होता, एक एक्स-रेजवळ, एक बाहेर बसलेल्यांच्या टीव्हीसाठी आणि एक बाथरूममध्ये. बाथरूममध्ये कशाला, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, असू दे. पार्लरवाल्या बाईंनी सहा मागितले. वकिलांनी पाच. टेलरकडे संगणक नव्हता, तरी त्याने भविष्यासाठी दोन लिहून घ्यायला लावले. वॉचमनने केबिनसाठी एक मागितला आणि मी तो दिला, कारण तेव्हा मी दिलदार मनःस्थितीत होतो. टीचरांचे चोवीस धरून संध्याकाळपर्यंत शहाण्णव पॉइंट झाले. एकट्या रीमाताईंनी काही मागितलं नाही. रीमाताई तांडेल मूळच्या अर्नाळ्याच्या. तळमजल्यावर त्यांचं मासेमारीची जाळी, दोर आणि शिसं विकायचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं, "माझी गिऱ्हाइकं दर्यात असतात, सावेकाका. मला कशाला पॉइंट?"

दोन दिवसांनी टीचरांनी त्यांच्या चर्चच्या कॉयरमधल्या जेन्सन तुस्कानोला पाठवलं. जेन्सन नंदाखालचा. एकोणीस वर्षं आखातात मोठमोठ्या हॉस्पिटलांमधून केबल टाकून आता इकडे स्वतःचं काम करत होता. टीचरांचा शब्द म्हणून तो बघायचे पैसे घेणार नव्हता. मी माझा कागद त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने दोनदा वाचला.

पॉइंट किती, असं त्याने विचारलं. मी शहाण्णव सांगितले. केबल एकशे चोपन्न मीटर, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वाढीव धरून. त्यावर जेन्सनने चहा मागितला आणि तो आधी पूर्ण पिऊन घेतला.

मग त्याने मला समजावलं, आणि ते मी त्याच्याच शब्दांत सांगतो. "सावेसाहेब, याला फाटे नसतात. प्रत्येक पॉइंटाला स्वतःची वेगळी केबल, ती थेट मुख्य कपाटापर्यंत, जिथे सगळ्या केबल येऊन जोडतात. शाळा सुटल्यावर कसं, प्रत्येक पोराला न्यायला त्याची स्वतःची आई येते. शहाण्णव पोरांना एक आई पुरत नाही."

म्हणजे किती, असं मी विचारलं. तो म्हणाला, चार हजार मीटर तरी. शिवाय कपाट, पाइप, जोडणीच्या पट्ट्या, प्रत्येक पॉइंटची मशीनवर तपासणी. सात-साडेसात लाख. तेही केबल वर न्यायला सरळ वाट मिळाली तर. नाहीतर प्रत्येक मजल्याची लादी फोडावी लागेल. मला एकदम तो 'फक्त' आठवला.

घरी मी हे जयवंतीला सांगितलं. माझी बायको अशा वेळी ओरडत नाही. तिने फक्त ग्रुपवरचा माझा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला आणि पुन्हा वाटाणे सोलायला बसली.

टीचरांना सांगणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या वाडीत गेलो. त्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या आत गेल्या, चष्मा आणि लाल पेन घेऊन आल्या आणि माझा अंदाजाचा कागद मांडीवर घेऊन ओसरीवर बसल्या. मी उभा होतो. शेजारची एक बाई भाजी द्यायला आली आणि मला तसा उभा बघून मुकाट्याने परत गेली.

गुणाकाराला टीचरांनी बरोबरची खूण केली. बेरजेलाही केली. मग अगदी वरच्या ओळीवर, जिथे मी पाण्याच्या पाइपची आकृती काढली होती, तिथे एक लांब रेघ मारली.

"आकडेमोड तुझी कधीच चुकली नाही," त्या म्हणाल्या. "तू उदाहरण पूर्ण वाचत नाहीस. अर्धं वाचतोस आणि सोडवायला बसतोस. सातवीत पण हेच."

पंचेचाळीस वर्षांत मला इतकं खरं कोणी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं. त्यांनी मला केकचा एक तुकडा दिला आणि सांगितलं की अजून दहा दिवस आहेत, जा आणि पुन्हा कर. निघताना त्यांनी मजल्याविषयी एक शब्दही काढला नाही. पण दारात ठेवलेला तो झाडू आणि खिडक्यांच्या किल्ल्यांचा जुडगा मला दिसला, आणि मी रिक्षा न करता चालत ऑफिसला आलो.

ग्रुपवर मी लिहिलं की तांत्रिक कारणास्तव आधीचा आकडा मागे घेण्यात येत आहे. हात जोडलेली सगळी चित्रं थांबली. वकिलांनी कळवलं की लेखी दिलेला आकडा मागे घेता येतो का, हे बघावं लागेल. डॉक्टर सुमेधांनी शांतपणे लिहिलं की सचिवांचा शब्द म्हणजे शब्द, वरची रक्कम ते स्वतः सोसतील असा आम्हाला विश्वास आहे. त्याला सतरा अंगठे आले. एक अंगठा जयवंतीचा होता. तो चुकून लागला, असं ती अजून सांगते.

जेन्सनचं म्हणणं, आधी इमारतीचा मंजूर नकाशा बघू, वर जायची वाट त्यात सापडेल. कमिटीकडे नकाशा नव्हता. बिल्डर केव्हाच परदेशी स्थायिक झाला होता. मी नकाशाची प्रत काढायला सरकारी कचेरीत गेलो. अर्जात कारणाचा रकाना होता. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: नेटवर्कच्या कामासाठी. खिडकीतल्या बाईंनी ते वाचून मला मोबाइल टॉवरच्या टेबलावर पाठवलं. टॉवरच्या टेबलावरचे गृहस्थ अत्यंत सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि टॉवरला शेजाऱ्यांची हरकत नाही असं पत्र आणायला सांगितलं. मी म्हटलं, टॉवर नाही, केबल आहे. ते म्हणाले, मग केबल टीव्हीचं इथे नाही. तिसऱ्या दिवशी मी अर्जात कारण लिहिलं: आठवण म्हणून. वीस मिनिटांत प्रत मिळाली.

नकाशा मी माझ्या टेबलावर पसरला. जेन्सन होता, आणि नको असताना डॉक्टर सुमेधही होते. दुसरा मजला, २०५, २०६. माझ्या खोलीच्या जागी आकडा नव्हताच. तिथे बारीक अक्षरात 'पु. स्व.' असं लिहिलं होतं. मी म्हणालो, पुढील स्वागतकक्ष असणार. जेन्सन नकाशाकडेच बघत राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पुरुष स्वच्छतागृह," ते म्हणाले.

अकरा वर्षं मी त्या खोलीत बसून लोकांना भविष्याची तरतूद शिकवत होतो. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. बिल्डरने स्वच्छतागृह गुपचूप खोली म्हणून मला विकलं होतं, आणि मी त्याचं वास्तुपूजन केलं होतं. ऐंशी माणसं जेवली होती. ही बातमी संध्याकाळच्या आत तळमजल्यापर्यंत गेली. घरी जयवंती म्हणाली, तरीच तिथे उन्हाळ्यात गार वाटतं.

पण जेन्सनचं लक्ष माझ्या अब्रूकडे नव्हतं. स्वच्छतागृह म्हटलं की पाण्याचे पाइप, आणि पाइप म्हटले की ते जायला तळापासून गच्चीपर्यंत उभी पोकळी. तो उठला आणि माझ्या कपाटामागच्या भिंतीवर त्याने टकटक केलं. भिंत नव्हतीच ती, प्लायवूड होतं. प्लायवूड काढलं, तर आत दोन फूट रुंद, सरळ वर आणि सरळ खाली जाणारी वाट. एक पाइपसुद्धा कधी टाकलेला नव्हता. जेन्सनने आत डोकं घातलं आणि तसाच आतून हसायला लागला. एकही लादी फोडायला लागणार नव्हती.

वाट खाली नक्की कुठे निघते हे बघायला हवं होतं. रीमाताईंना बोलावलं. त्या नायलॉनचा दोर आणि शिशाचा गोळा घेऊन आल्या, गोळा दोराला बांधला आणि विहिरीत बादली सोडावी तशा सहज हाताने तो सोडला. खाली कुठेतरी मऊ आवाज झाला आणि पाठोपाठ टेलरची किंकाळी. त्याने पोकळीच्या तळाला फळी मारून तिथे न नेलेल्या ब्लाउजांचं कपाट केलं होतं. गोळा ब्लाउजांत जाऊन बसला होता. टेलरला काही झालं नाही. पण त्या निमित्ताने चार बायकांना त्यांचे गेल्या वर्षीचे ब्लाउज मिळाले.

आता खरा प्रश्न लांबीचा. जेन्सनकडे लाल उजेडाचं मोजायचं यंत्र होतं, पण तो उजेड सरळ जातो. आमच्या पॅसेजला वळणं, तुळया आणि मध्येच आलेले खांब. टेपचं नाव काढलं तरी माझी कंबर दुखत होती. रीमाताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोर टाका ना, जिथून केबल जानार तिथून. मग मी वावावर मोजून देते."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर इकडच्या बोटापासून तिकडच्या बोटापर्यंतचं अंतर. दर्यावरचे लोक दोर आणि पाण्याची खोली त्यातच मोजतात. मी लगेच वही काढून एक वाव म्हणजे सहा फूट असं लिहायला घेतलं. मग मला टीचरांची लाल रेघ आठवली आणि मी थांबलो. कोणाचा वाव, असं मी विचारलं. रीमाताईंना प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, त्यांच्या बापाचा वाव लांब होता, त्यांचा आखूड, म्हणून जुनी गिऱ्हाइकं बाप असेपर्यंत बापाकडूनच दोर मोजून घ्यायची. तेव्हा रविवारी सकाळी क्लेमेंटीन टीचरांनी टेलरच्या टेपने रीमाताईंचा वाव मोजला. एक मीटर बासष्ट. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून खाली दोघींनी सह्या केल्या.

त्या रविवारची मजा मला सांगता येईल की नाही, माहीत नाही. दुकानं बंद, पण सगळी माणसं हजर, कारण सगळ्यांना आपापला पॉइंट किती लांब पडतो ते बघायचं होतं. एक टोक माझ्या खोलीत, जिथे मुख्य कपाट बसणार होतं. तिथून केशरी दोर पोकळीतून, छताजवळून, खांबांना वळसे घालत प्रत्येकाच्या दारात जायचा. वकील शिडीवर चढून दोर धरायचे. पार्लरवाल्या बाई दुसऱ्या टोकाला. डॉक्टर सुमेध जिन्यावर उभे राहून कोपऱ्यावर दोर ताणला जाऊ नये म्हणून बोट लावायचे आणि प्रत्येकाला शांतपणे कसं धरायचं ते सांगायचे. मग तो दोर खाली काढून रीमाताई हात पसरून मोजायच्या, एक, दोन, तीन, त्यांचे हात इतक्या सफाईने जायचे की बघत राहावं. जेन्सन कॉयरमधलं काहीतरी गुणगुणत खडूने खुणा करायचा. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याशी खुर्ची टाकून टीचर बसल्या होत्या. प्रत्येक आकडा त्या मोठ्याने परत म्हणायच्या आणि मगच लिहायच्या. जयवंतीने दोन डबे भरून वडे आणले होते.

आणि एक गंमत झाली. कागदावर पॉइंट मागणं सोपं असतं. पण आपल्या बाथरूमपर्यंत एकतीस वाव दोर जाताना डोळ्यांनी बघितला की माणूस विचार करतो. डॉक्टरांनी बाथरूमचा पॉइंट सोडला. पार्लर सहावरून दोनवर आलं. टेलरने भविष्य रद्द केलं. दुपारी चारला शहाण्णवचे एकसष्ट झाले होते, आणि कोणाशी भांडण न करता. एकूण चौदाशे अठरा वाव.

सभा शुक्रवारी, टीचरांच्याच रिकाम्या मजल्यावर भरली. जर्मनच्या संस्थेच्या व्यवस्थापिका क्षितिजा मॅडमही आल्या होत्या. मी अकरा पानांचा अंदाज वाचला. शेवटचा आकडा चार लाख ब्याण्णव हजार होता. त्यापुढे मी 'फक्त' लिहिलेलं नव्हतं.

टीचर पहिल्या रांगेत, हातातल्या किल्ल्यांकडे बघत बसल्या होत्या. अठ्ठावीस हजार कुठे आणि हे कुठे, एवढं कोणीतरी म्हणायची वेळ होती, आणि वकिलांनी घसा साफ केलाही होता. तेवढ्यात मागून रीमाताई उठल्या.

"सगला दोर माझ्या हातातून गेलाय," त्या म्हणाल्या. "आकडा खरा हाय. आनि माझा पन एक पॉइंट लिवा. मला लागत नाय, पन लिवा."

वकिलांनी घसा साफ करून झाला होता, तेव्हा त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते म्हणाले, मंजूर. मग डॉक्टरांनी शांतपणे हात वर केला आणि मग सगळ्यांनीच केला. क्षितिजा मॅडमनी वही मागून घेतली, पहिल्या पानावरचा वाव आणि खालच्या दोन सह्या बराच वेळ पाहिल्या. विरारच्या जागेकडून त्यांना एका ओळीचा अंदाज आला होता, असं त्या म्हणाल्या. इतकी मोजून दिलेली इमारत त्यांनी पाहिली नव्हती. तिसऱ्या मजल्याचा करार त्यांनी सोमवारी केला. टीचरांनी मला कळवलं तेव्हा फोनवर त्या अगदी थोडं बोलल्या. पण माझं नाव त्यांनी दोनदा घेतलं.

काम तीन आठवडे चाललं आणि जेन्सनने ते देखणं केलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पुढच्या भिंतीवरच्या सगळ्या जुन्या वायरी कापायचा मान डॉक्टर सुमेधांना दिला. त्यांनी त्या मुळासकट काढल्या. फादरनी प्रार्थना म्हटली, वकिलांनी नारळ फोडला, टीचरांनी कपाटाचं बटण दाबलं आणि बासष्टच्या बासष्ट हिरवे दिवे लागले. टाळ्या झाल्या. मी चार शब्द बोललो. वर चोवीस नर्सनी आपापले संगणक सुरू केले.

काहीच चालेना.

जेन्सनने यंत्र लावून तपासलं. एकूण एक केबल पास. मग इंटरनेट कुठे आहे, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. जेन्सन म्हणाला, ते बाहेरून यावं लागतं, तुम्ही बाहेरून आलेल्या सगळ्या वायरी आज सकाळी कापल्या. आणि त्याने माझ्याच अंदाजाचं सातवं पान काढलं. तिथे माझ्याच हस्ताक्षरात होतं: 'बाहेरून येणारी इंटरनेटची जोडणी मालकांनी घ्यावी.' त्या रविवारी त्याने सांगितलं होतं आणि मी वडा खाता खाता लिहून घेतलं होतं.

रागवायला हवं होतं, पण तोवर सगळे तिसऱ्या मजल्यावर जमले होते आणि कोणालाच काही काम उरलं नव्हतं. पार्लर बंद, वकील रिकामे, डॉक्टरांचा एक्स-रे पुढे सरकेना. मग जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी, आता बसलाच आहात तर, म्हणून सगळ्यांनाच आकडे शिकवायला घेतले. आइन्स, त्स्वाय, द्राय. रीमाताई हात पसरून वावावर मोजत म्हणायला लागल्या आणि अख्खा वर्ग त्यांच्या मागून. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. टीचर शेवटच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी वही काढली होती. दहापर्यंत आम्ही तीनदा म्हटलं.

जरा शांत झाल्यावर डॉक्टर सुमेधांनी विचारलं, नवी जोडणी यायला अंदाजे किती दिवस लागतील. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टीचरांचीही वळली.

मी जर्मनच्या बाईंना हळूच विचारलं की दहाच्या पुढे काय येतं. त्यांनी कानात सांगितलं. मग मी उभा राहिलो, हात पाठीमागे घेतले आणि ठामपणे म्हणालो, "एल्फ."

डॉक्टरांनी समजल्यासारखी मान हलवली. कोणी काही लिहून घेतलं नाही.